पोट तपासताना आधी हात लावायचा की आधी ऐकायचं?

नवापुऱ्याची लेक:
वडोदऱ्यात बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग. परवा साठीतल्या एका बांचं (इकडे आजीबाईंना 'बा' म्हणतात) पोट तपासायला सांगितलं. त्या म्हणत होत्या, "बेन, चूंक आवे छे," म्हणजे पोटात कळ येते. छातीला शिकवलंय त्याच क्रमानं गेले: पाहिलं, चाचपलं, बोटानं ठोकलं, शेवटी स्टेथो लावला. पण हात लागताच बांनी पोट आवळून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं. नंतर मला काहीच ऐकू येईना. अर्ध्या मिनिटानं लिहिलं, 'बॉवेल साउंड्स (आतड्यांचे आवाज) नाहीत.' इन्चार्ज सिस्टरनी वही सगळ्यांदेखत परत दिली, कारण सांगितलं नाही. बांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पोटाचा क्रम वेगळा का? ऐकायचं किती वेळ? आणि 'अपेंडिक्स असेल' असं मी लिहू शकते का?

सुरसागर७४:
पोटाला पाहा, ऐका, ठोका, चाचपा. दाबलं-ठोकलं की आतड्यांची हालचाल बदलू शकते, मग ऐकलेलं खरं धरता येत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, नक्की विचारतात.

निवृत्त सिस्टर, दांडिया बाजार:
अगं, व्हायवा एका दिवसाचा. बांपासून सुरुवात करू.

आधी लघवीला जाऊन यायला सांगायचं. भरलेलं मूत्राशय ओटीपोटात गाठीसारखं हाताला लागतं. मग उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी, हात अंगालगत. हात डोक्याखाली घेतले की पोट ताणलं जातं. आपले तळहात घासून गरम कर, स्टेथोची चकती, डायफ्रॅम, तीही मुठीत धर. आणि विचार, "बा, सौथी वधारे क्यां दुखे छे? एक आंगळीथी बतावो." बोट ठेवतील ती जागा सगळ्यात शेवटी. तू बहुतेक तिथेच आधी हात ठेवलास. नव्या मुलींचा हात तिकडेच जातो, दुखतंय म्हटल्यावर.

ऐकायला उजवीकडे खालून सुरुवात कर. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे आवाज सहसा सापडतो. मिनिटाला 5 ते 30 वेळा गुडगुडतं, पण घड्याळासारखं नाही, मध्ये बराच वेळ शांत असतं. म्हणून 'नाहीत' लिहिण्याआधी घड्याळ लावून पूर्ण 5 मिनिटं ऐकायचं. त्या एका शब्दावरून पुढे बरंच काही ठरतं. कळ येताना बारीक टणटणीत आवाज, पोट फुगलेलं, उलट्या, वारा सरत नाही, असं दिसलं तर आतड्यात अडथळा असू शकतो. वही नंतर, आधी डॉक्टरांना सांग.

चाचपताना पहिली फेरी अगदी हलकी आणि नजर त्यांच्या चेहऱ्यावर. पोट कडक लागलं तर तोंडानं श्वास घ्यायला सांग. श्वास सोडताना सैल पडलं तर भीतीनं आवळलेलं होतं. तरीही फळीसारखंच राहिलं तर आत दाह पसरलेला असू शकतो, तिथे पुन्हा दाबू नकोस. नाडीसारखी उडणारी गाठ दिसली तर हातच लावायचा नाही.

'अपेंडिक्स' लिहू नकोस, ते निदान डॉक्टरांचं. 'उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं, नाडी 104, दोन उलट्या' असं लिही. त्यावरून तुझं नर्सिंग निदान: तीव्र वेदना, कशामुळे, कशावरून. मग त्या वेदनेसाठी तू काय करणार ते.

आयसीयू रात्रपाळी:
सिस्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला माझी एक चूक जोडतो. नोकरीचं पहिलं वर्ष, मधुमेहाच्या एक मावशी म्हणाल्या, "गभरामण थाय छे." मी केसपेपरवर 'चिंता' लिहिलं आणि धीर देत बसलो. नाडी पाहिली नाही, शुगर पाहिली नाही. पाळी बदलल्यावर सिनियरनी ईसीजी काढला: हार्ट अटॅक, छातीत न दुखता. मधुमेहात असं होऊ शकतं. आपल्याकडे गभरामण म्हणजे जीव घाबरा होणं, धाप, घाम, काहीही. मावशी वाचल्या. पण आता हा शब्द कानावर आला की आधी बोटं मनगटावर जातात.

नवापुऱ्याची लेक:
ताई, आज बांना विचारून पुन्हा ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला गुडगुडलं! त्यांनी हातही लावू दिला. दादा, तुमचं वाचून गलबललं. पण मी बोटानं ठोकते तेव्हा नीट आवाजच निघत नाही.

निवृत्त सिस्टर, दांडिया बाजार:
छान केलंस. डाव्या हाताचं मधलं बोट घट्ट टेकव, बाकीची उचललेली. उजव्या मधल्या बोटाचं टोक नखामागच्या पेरावर मार, मनगटातून, आणि लगेच उचल. बोट तिथेच राहिलं तर आवाज दबतो. छाती ठोकून तपासायची कल्पना 1761 मध्ये व्हिएन्नात ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी मांडली. त्यांचे वडील खानावळवाले; पिंप कुठवर भरलंय ते ठोकून कळतं, तसंच छातीचं. तू माठावर कर. पाण्याच्या वर पोकळ, खाली बद्द. हाताला फरक कळला की मैत्रिणीच्या उजव्या बरगड्यांवर वरून खाली ये, यकृत लागलं की आवाज बद्द होईल. नखं मात्र कापून जा.