हायडेलबर्ग: बघायला छान, पण राहायला? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

जर्मनीत हायडेलबर्गला कॅन्सर संशोधनात पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधकाची) जागा मिळाली आहे. करार दोन वर्षांचा, पुढे वाढेल असं तोंडी आश्वासन. नवरा आयटीत, त्याला जवळच्या वॉल्डॉर्फच्या ऑफिसात बदली मिळू शकते. लेक साडेचार वर्षांची. होकार-नकार कळवायला तीन आठवडे हातात आहेत. ज्याला सांगावं तो म्हणतो, "अगं, केवढं सुंदर गाव! विचार कसला करतेस?"

विचार करतेय, कारण मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत कॉट बेसिसवर मुलं असायची. दर जूनला आई कॉटमागे भाडं वाढवायची आणि मुलं निमूट द्यायची, कारण एकाने सोडली तर जिन्यात दहाजण उभे. त्यामुळे विद्यापीठाच्या गावात घरमालकाचं किती चांगलं चालतं ते मी माडीच्या मालकाकडून पाहिलंय. आता बॅग घेऊन जिन्यात उभं राहायची पाळी माझी.

नोव्हेंबरात मुलाखतीला चार दिवस जाऊन आले. जुन्या गावातल्या गल्ल्यांच्या दगडांनी बॅगेचं एक चाक पहिल्याच दिवशी खाल्लं. एक घरही पाहिलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उंच छत आणि खिडकीतून थेट किल्ला. मी पुरती विरघळले होते. मग घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघर दाखवलं: भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप, बुचं लावलेली, आणि शेगडीसाठी सोडलेली एक वायर. ओटा कुठाय विचारलं तर म्हणाल्या, आधीचा भाडेकरू घेऊन गेला. घेऊन गेला! ७८ चौरस मीटर, १,४५० युरो काल्ट, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे सोडून.

तर प्रश्न असे. जुन्या गावात लहान मूल घेऊन राहणं शहाणपणाचं आहे का? नाहीतर कुठला भाग बघू? की सरळ शेजारच्या मॅनहाइमला घर घ्यावं? आणि खरा प्रश्न: चार-पाच वर्षं तिथे काढल्यावर माणूस रमतो का, की पोस्टकार्डात राहिल्यासारखं होतं?

आगाऊ आभार.

नेकरकाठी
अभिनंदन! ओट्याचा किस्सा वाचून हसलो. इथे आलेल्या प्रत्येक देशी माणसाकडे असा एक किस्सा असतोच.

जुनं गाव म्हणजे आल्टश्टाट विसरा. तिथून ट्राम जात नाही, मुख्यतः बसच. मुख्य रेल्वे स्टेशन दोनेक किलोमीटर पश्चिमेला. किराणा आणायचा तर पर्यटकांच्या झुंडीतून वाट काढा. उंटरऽ श्ट्रासऽ ही तिथली पबांची गल्ली. तिथल्या रात्रीच्या गोंगाटावरून रहिवासी, पबवाले आणि नगरपालिका यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालू आहे, यावरून काय ते समजा. नेकर नदीला पूर आला की जुन्या पुलाजवळचा काठचा रस्ता पाण्याखाली जातो, तो वेगळाच.

तुमची संस्था बहुधा नॉयेनहायमर फेल्डमध्ये असेल, नदीच्या उत्तरेला. तिथून सायकलच्या टप्प्यात हान्डशुसहाइम: मूळचं खेडं, अजून शेतं आणि भाजीमळे आहेत, कुटुंबांना झकास, पण महाग. दक्षिणेला रोरबाख. २३ नंबरची ट्राम हान्डशुसहाइमहून निघून गावातून रोरबाखला जाते, म्हणजे दोन्ही टोकं एका गाडीवर. नवऱ्याला वॉल्डॉर्फ गाठायचं तर रोरबाख, किर्शहाइम बरं पडेल. बानश्टाट बघाच. जुन्या मालधक्क्याच्या जागी वसवलेली नवी वस्ती, सगळ्या इमारती पॅसिव्ह हाउस पद्धतीच्या, त्यामुळे हीटिंगचा खर्च नगण्य. किंडरगार्टन तिथल्या तिथे. दिसायला मात्र हिंजवडी.

मॅनहाइमकर
पोस्टकार्ड हवं असेल तर हायडेलबर्ग, आयुष्य हवं असेल तर मॅनहाइम. (हलके घ्या.)

दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्ग जवळपास शाबूत राहिलं आणि मॅनहाइम बेचिराख झालं. त्याचं भाडं लोक अजून भरताहेत. तिकडे जुन्या भिंतींचं, इकडे साठच्या दशकातल्या ठोकळ्यांचं. आमच्याकडे गावाच्या मध्यभागी रस्त्यांना नावंच नाहीत, चौकटी आहेत. पत्ता 'सी ४, १२' असा, बुद्धिबळाची खेळी वाटावी. पण भाडं कमी आहे, आणि मार्केटप्लाट्झच्या आसपास तुर्की दुकानांची रांग आहे. कोथिंबिरीची जुडी तिथे जुडीसारखी मिळते, सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीत चार काड्या मिळतात तशी नाही. ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं. डॉइचलांड तिकीट आता महिन्याला ६३ युरोंना आहे, त्यात ट्राम, बस, लोकल गाड्या सगळं येतं. रोज ये-जा करणारे ढिगाने आहेत.

परसबाग
वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. मी इथे अकरा वर्षं आहे म्हणून लिहिते.

गाव सुंदर आहे आणि सवयीने ते सौंदर्य कमी होत नाही, हे आधी सांगते. मार्चमध्ये फिलोसोफेनवेगवर चालायला गेलं की बदाम फुललेला असतो. जर्मनीतल्या ऊबदार भागांपैकी हा एक, अंजिरंसुद्धा येतात. (जुलैत पस्तीसच्या वर पारा गेला की घरात एसी नसतो, तेव्हा मात्र ही ऊब नको होते.) आणि उन्हाळ्यात तीनदा किल्ला लाल उजेडात पेटवतात, मग पुलावरून आतषबाजी. फ्रेंचांनी १६८९ आणि १६९३ मध्ये गाव जाळलं, त्याची आठवण म्हणून! माझी सासू पहिल्यांदा पाहून म्हणाली, "स्वतःचं घर जळलं त्याचे फटाके उडवणारी माणसं प्रथमच पाहिली."

त्रास माणसांचा आहे. म्हणजे माणसं फार चांगली, पण टिकत नाहीत. दीड-पावणेदोन लाखांच्या गावात तीसेक हजार विद्यार्थी, वर संशोधक. संशोधकांना कायद्याचा काच: पीएचडीनंतर साधारण सहा वर्षंच तात्पुरत्या करारांवर ठेवता येतं, वैद्यकीय क्षेत्रात नऊ. कायमची जागा लाखात एक. म्हणून सगळे निघतात. माझ्या मुलीच्या किंडरगार्टनच्या वर्गात पहिल्या वर्षी तिची घट्ट मैत्रीण ब्राझीलची, दुसऱ्या वर्षी कोरियाची, तिसऱ्या वर्षी ती कोणाशी घट्ट व्हायलाच तयार नव्हती. माझंही तेच झालं. आमच्या दिवाळीच्या ग्रूप फोटोत अकरा वर्षांत कायम असलेले चेहरे चार, त्यातले दोन आमचेच.

मग मी एक केलं. संशोधकांच्या बाहेरची माणसं शोधली. इथे भाड्याने परसबागेचा तुकडा मिळतो, त्याची यादी लांब असते, पण लागला नंबर. शेजारच्या तुकड्यात सत्तरीचे आजोबा आहेत, तीन वर्षं माझ्याशी फक्त गोगलगाईंबद्दल बोलले. आता आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यासाठी जर्मन यायला हवं, इंग्रजीवर नाही भागत. लॅबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं, तोच सापळा आहे. येण्याआधी बी१ (जर्मनची मधली पातळी) तरी करून या, नवऱ्यालाही करायला लावा.

किंडरगार्टनसाठी करार हातात पडला की त्याच दिवशी अर्ज टाका. जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा असणं यांत इथेही पुण्याइतकंच अंतर आहे. शिवाय या राज्यात ते फुकट नाही. संस्थेची स्वतःची सोय आहे का, ते एचआरला विचाराच.

जुनाट
थोडं अवांतर. १३८६ सालचं विद्यापीठ, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. शायर इक्बाल १९०७ मध्ये इथे जर्मन शिकायला होता, नदीकाठच्या रस्त्याच्या एका तुकड्याला त्याचं नाव आहे. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट: खंडोबा, बिरोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोंथायमर याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत होते. त्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. एकटं वाटलं तर तिथे जाऊन बसा. मी बसायचो.

बिनधास्त
पुण्यातच राहा. ट्रॅफिक सोडून काय वाईट आहे?

मॅनहाइमकर
@बिनधास्त: ट्रॅफिक सोडून म्हणजे घरात बसून का? :)

परसबाग तुमच्या प्रतिसादाला +१. मॅनहाइमलाही थोडंफार तेच, फक्त आम्हाला जाणारे कमी आठवतात कारण स्टेशन मोठं आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. परसबागताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो किंडरगार्टनच्या वाक्यावर गप्प झाला, मीही. मग रात्री बराच वेळ बोललो. लेकीला दर वर्षी नवी मैत्रीण शोधायला लावायची का, यावर अजून एकमत नाही. पण जर्मनचा क्लास दोघांनी सोमवारपासून लावलाय, कर्वे रोडला, सकाळी सातला. सातला उठेल तो माणूस माझा नवरा नाही, तरी फी भरली आहे.

आल्टश्टाट बाद. रोरबाखच्या एका घराचं व्हिडिओवर दर्शन गुरुवारी आहे: ८२ चौरस मीटर, १,१८० काल्ट, पहिला मजला. यात ओटा आहे! पण आधीचा भाडेकरू म्हणतो, ओटा, सिंक, ओव्हन मिळून ३,२०० युरो द्या, नाहीतर काढून नेतो. वर तीन महिन्यांचं काल्ट भाडं अनामत आहेच. हे ओट्याचे पैसे मागणं रीतीला धरून आहे का, की मला परदेशी बघून गंडवतोय?

नेकरकाठी
रीतीला धरून आहे, आब्लोझऽ म्हणतात. आकडा मात्र घासाघीस करण्याजोगा. ओटा किती वर्षांचा आहे ते विचारा, मूळ बिल मागा, आणि व्हिडिओत सिंकखालचं कपाट उघडायला लावा. पाणी मुरलं असेल तर प्लायवूड तिथेच फुगतं. फोटो इथे टाका, बघून सांगतो.