मदत हवी आहे: सात वर्षांच्या मुलाला त्याच्या गोळ्यांचं कारण कसं सांगावं?

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आठ महिन्यांपासून आमच्याकडे सात वर्षांचा मुलगा राहतोय. दत्तक नाही, प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाने तो संस्थेतून आमच्या घरी आला. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. नाव-गाव विचारू नका. बाल न्याय कायद्यानुसार ते उघड करता येत नाही, आणि एरवीही मी सांगितलं नसतं. घरी आम्ही त्याला पिल्लू म्हणतो, इथेही तेच लिहिते.

तब्येत छान आहे हे आधी सांगते, कारण एचआयव्ही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळाच येतो. सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, औषधं मोफत मिळतात: अबाकाविर-लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर. आला तेव्हा १८ किलोचा होता, आता २१ आहे. मागच्या व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडलाच नाही. सायकल शिकलाय, दोडक्याला हात लावत नाही, आणि झोपताना माझ्या लेकीच्या ओढणीचं टोक मुठीत लागतं.

गेल्या आठवड्यात कॉट सरकवून झाडत होते, तर भिंतीच्या कडेला गोळ्या सापडल्या. पाच. तोंडात धरून ठेवायचा आणि आमची पाठ वळली की थुंकायचा. मी विचारलं तर गप्प. रात्री लेकीला (ती बारा वर्षांची आहे) म्हणाला, "ताई, तू घेत नाहीस, काकू घेत नाहीत. आजी घेते, पण ती म्हातारी आहे. मी वाईट आहे म्हणून मला देतात ना?"

ते ऐकल्यापासून मला झोप नाही. आजवर मी "ताकदीची गोळी आहे" एवढंच सांगत आले. चूक माझीच. त्याने सरळ हिशेब मांडला, की ताकद सगळ्यांना हवी असते, मग गोळी मलाच का? आणि औषधात असे खंड पडत राहिले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, म्हणजे फार थांबताही येणार नाही.

सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की एकदम नाही, टप्प्याटप्प्याने सांगा. आधी आजाराचं नाव न घेता, रक्तातल्या सैनिकांची गोष्ट; नाव नंतर, पण मूल शाळकरी वयात असतानाच, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. परवा मी ती गोष्ट सांगितली. तुझ्या रक्तात एक जंतू झोपलाय, गोळी त्याला उठू देत नाही, तू काही वाईट केलेलं नाहीस. मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "तो माझ्यात आला कुठून?"

मी अडकले. उद्या सांगते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आला तो आईकडून. ती आता नाही. संस्थेच्या कागदांवरून एवढंच दिसतं की तिची तपासणी झाली ती पिल्लू दोन वर्षांचा असताना. म्हणजे पोटुशी असताना तिला माहीतच नव्हतं. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेत औषधं मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. तिला कुणी वेळेत तपासलं असतं तर ही गोष्टच सांगावी लागली नसती. पण हे सात वर्षांच्या मुलाला कुठल्या शब्दांत सांगायचं? तिचा एकच फोटो त्याच्याकडे आहे, आणि तो दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतो. तिच्यावरचा राग माझ्या तोंडून त्याच्या मनात जाऊ नये.

दुसरी टोचणी अशी, की हे सांगणारी मी कोण? २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांनंतर फॉस्टर कुटुंबाला दत्तकासाठी विचारता येतं, आणि आमची तशी फार इच्छा आहे. पण तोवर आदेश बदलू शकतो. एवढी मोठी गोष्ट मी सांगायची आणि नंतर तो दुसरीकडे गेला, तर? की म्हणूनच आत्ता सांगायला हवं?

शाळेत आम्ही सांगितलेलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ते सांगण्याची सक्ती नाही, आणि या कारणावरून शाळा प्रवेशही नाकारू शकत नाही. पण कायदा कागदावर, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडतात ते मुलांच्या घोळक्यात. "कुणाला सांगू नकोस" म्हटलं की त्याला वाटणार, यात लाज वाटण्यासारखं काही आहे. नाही म्हटलं तर तो उद्या पहिल्या बाकावर बसून सगळं सांगून टाकेल, तसाच आहे.

इथे कुणी असं मूल वाढवलंय का? आणि त्याहून जास्त ज्यांचं ऐकायचंय ते म्हणजे स्वतः जन्मापासून एचआयव्हीसह मोठे झालेले. तुम्हाला कुणी सांगितलं, कितव्या वर्षी, काय शब्दांत? काय ऐकायला हवं होतं? उघड लिहायचं नसेल तर विपु (खाजगी निरोप) करा, मी कुणालाही दाखवणार नाही.

संपादन: इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. लेकीला धोका नाही का, असं तिघांनी विचारलंय. नाही. एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही. सासूबाईंनीही सुरुवातीला त्याचा पेला वेगळा ठेवला होता. मी वाद घातला नाही, त्यांना सेंटरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं. पेला त्याच संध्याकाळी मांडणीत परत आला.

बालसंरक्षण अधिकाऱ्यांशी आधी बोला, हा सल्ला पटला; सोमवारी जाणार आहे. आईबद्दल "तिलाही माहीत नव्हतं, आणि तिला तू हवा होतास" असं सांगा, असं एकीने विपुत लिहिलंय. ती स्वतः नऊ वर्षांची असताना हे ऐकून मोठी झाली. ते वाक्य वहीत उतरवून ठेवलंय.

आणि एक. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून त्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ रात्री आठ करून घेतली आहे. काल दोघांनी ओट्यापाशी उभं राहून एकाच तांब्यातलं पाणी घेतलं. आधी कुणाची गिळून झाली, यावर भांडण झालं.