मदत हवी आहे: दादाचं मूत्राशय काढायला सांगितलंय, तो तयार नाही

नमस्कार मंडळी,

दादा ५६ वर्षांचा, शिरोलीला फाउंड्रीत मोल्डिंगवर. मागच्या दिवाळीआधी लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून 'उष्णता झाली' असं म्हणत आठवडाभर सब्जा पीत राहिला. मग जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून दोनदा अँटिबायोटिक दिली. रक्त थांबायचं, परत यायचं. यात तीन महिने गेले आणि मग सोनोग्राफीत गाठ दिसली. बिडीनं मूत्राशयाचाही कॅन्सर होतो हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही आपलं बिडी म्हटलं की फुप्फुसाचंच भ्यायचो.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, पाच आठवड्यांनी पुन्हा एकदा. रिपोर्ट हाय ग्रेड, म्हणजे जोमानं वाढणारा, आणि टी-१. टी-१ म्हणजे अस्तराच्या खाली शिरलाय, पण स्नायूत नाही. पुढे बीसीजीचे आठवड्याला एक असे सहा डोस झाले. टीबीचीच लस, पण नळीवाटे मूत्राशयात सोडतात. दोन तास लघवी धरून ठेवायची. त्यानंतरचे सहा तास तो जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी सोडायचं. ते काम मी घेतलं होतं. मध्ये औषधच मिळेना, चौथा डोस दोन आठवडे लांबला. अंगात कणकण, प्रचंड जळजळ, पण दादा एकदाही कुरकुरला नाही.

तीन महिन्यांनी दुर्बिणीत परत गाठ, परत तोच रिपोर्ट. डॉक्टर म्हणाले, स्नायूत शिरायच्या आत मूत्राशय काढू. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठून परळला टाटामध्ये दाखवलं, तिथंही तेच सांगितलं.

लहान आतड्याचा तुकडा घेऊन लघवीला पोटावर वाट काढतात आणि बाहेर पिशवी लावतात, किंवा त्याच आतड्याचं आत नवं मूत्राशय करतात. दादाच्या कानात फक्त 'पिशवी' राहिली. "पिशवी बांधून घाटावर जाऊ व्हय मी?" एवढंच बोलला. पंचगंगेत उन्हाळाभर पोहणारा माणूस. पाठीला डबा बांधून मला पोहायला त्यानंच शिकवलं.

आणि मी चुकले. "जीव वाचतोय ना, पिशवीचं काय घेऊन बसलास," असं बोलून गेले. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. वहिनी बोलत नाही, नुसती ताट वाढते.

ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटही काढतात. त्यानंतरचं जे असेल ते तो बहिणीला कसं विचारणार? म्हणून मला असा पुरुष हवाय जो यातून गेलाय आणि दादाशी फोनवर अर्धा तास मोकळं बोलेल. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडचा असेल तर फार बरं. पिशवी निवडली की नवं मूत्राशय, आणि का, हेही सांगा. गोमूत्र, गव्हांकुर कृपया सुचवू नका. ते सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

प्रतिसाद

ताई, माझी पिशवी सात वर्षांची. नवं मूत्राशय मला नको वाटलं, कारण ते ठरावीक वेळेला उठून रिकामं करायची सवय लावावी लागते आणि सुरुवातीला रात्री गळतं. माझी रात्रपाळी होती.

ऑपरेशनआधी पोटावर जागेची खूण करतात. ती दादांना बसवून, उभं करून, वाकवून बघायला सांगा, नेहमीची पँट घालून. वळीत किंवा पट्ट्याखाली आली की पिशवी सुटते. लघवीत पांढरे धागे दिसतील. तो आतड्याचा चिकटा, घाबरू नका. रात्री मोठी पिशवी जोडतात, मग उठावं लागत नाही. आणि मी पोहतो. आधी रिकामी करायची आणि उतरायचं. नदीत नाही, पोहायच्या टाकीत.

बाकीचं दादांशीच बोलतो. नंबर खाजगी निरोपात पाठवा. पण आधी त्यांना विचारा.

मी

भाऊ, फार आभार. आत्ता जाऊन दादाला विचारलं. "कोण हाय त्यो?" म्हणाला. म्हटलं, सात वर्षं पिशवी आहे, पोहतोय. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "संध्याकाळी लाव फोन. आणि तू खोलीत थांबू नकोस."

नंबर पाठवलाय. सातनंतर चालेल का?