टूरचा एकही टप्पा न जिंकता पाच वेळा पहिल्या दहांत: हायमार झुबेल्डियाच्या सातत्याला किती मोल द्यावे?

गोदाकाठ:
हायमार झुबेल्डिया या स्पेनच्या बास्क मुलखातल्या सायकलपटूविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. 1998 मध्ये युस्काल्टेल संघातून तो व्यावसायिक झाला आणि 2017 च्या उन्हाळ्यात, आपल्या घरच्या मुलखातल्या सान सेबास्तियनच्या शर्यतीनंतर, त्याने निवृत्ती घेतली. या काळात तो सोळा वेळा टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या शर्यतीत उतरला. 2003 मध्ये तो पाचवा आला, 2006 मध्ये आठवा, 2007 मध्ये पुन्हा पाचवा, 2012 मध्ये सहावा आणि 2014 मध्ये, वयाची 37 वर्षे पूर्ण झालेली असताना, आठवा. इतके असूनही टूरचा एकही टप्पा त्याच्या नावावर नाही, आणि टीव्हीवर तासन्‌तास शर्यत पाहणाऱ्यांनाही तो नेमका कधी दिसला हे सांगता येत नाही.

रविवारी त्र्यंबक रस्त्याला जाणाऱ्या आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, जो कधी हल्ला चढवत नाही (म्हणजे वेग वाढवून पुढे निसटत नाही) आणि सतत दुसऱ्याच्या चाकामागे राहतो, त्याच्या क्रमांकाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. मला हे पटत नाही, कारण बारा हंगामांत पाच वेळा असे घडणे केवळ योगायोग असू शकत नाही. परंतु त्यामागचे कौशल्य नेमके कोणते, हे मला नीट मांडता येत नाही. गटात शाळकरी मुलेही येतात आणि त्यांना फक्त विजेत्यांची नावे ठाऊक असतात, म्हणून विचारतो आहे.

घाटमाथा:
आपण अगदी योग्य उदाहरण निवडले आहे. टूरची एकूण क्रमवारी म्हणजे 21 टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज असते, आणि त्या बेरजेत जिंकलेल्या दिवसापेक्षा बिघडलेला दिवस जास्त जड ठरतो. टप्पा जिंकणाऱ्याला काही सेकंदांची सवलत मिळते. उलट एखाद्या मोठ्या घाटात पाय गळाले, तर त्या एकाच दिवशी दहा मिनिटेही जाऊ शकतात आणि ती पुढे सहसा भरून निघत नाहीत. त्यामुळे पहिल्या दहांत येणाऱ्या खेळाडूचे खरे काम म्हणजे तीन आठवड्यांत असा एकही दिवस येऊ न देणे. सपाट टप्प्यावर घोळक्याच्या पुढच्या भागात राहावे लागते, कारण बाजूच्या वाऱ्याने घोळका तुटला की मागचे मागेच राहतात. जेवणाच्या पिशव्या मिळण्याची जागा, अरुंद पूल, पावसातले उतार, प्रत्येक ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. हे सारे कॅमेऱ्यात येत नाही, कारण कॅमेरा नेहमी पुढे निसटलेल्यांबरोबर किंवा पडलेल्यांजवळ असतो.

2003 चे उदाहरण घ्या. त्या वर्षी आल्प ड्यूएझचा प्रसिद्ध टप्पा झुबेल्डियाच्याच संघातल्या इबान मायोने जिंकला, आणि बास्क प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले ते योग्यच होते. मात्र पॅरिसमध्ये अंतिम क्रमवारी लागली तेव्हा झुबेल्डिया पाचवा होता आणि मायो सहावा. आज त्या टूरची आठवण निघाली की मायोचे नाव येते आणि त्याच्या एक पाऊल पुढे असलेल्या सहकाऱ्याचे येत नाही, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे.

चाकामागे बसण्याविषयीही थोडे लिहितो. पुढच्या सायकलच्या आडोशाने वाऱ्याचा रोध पुष्कळ कमी होतो हे खरे आहे. पण तीव्र चढावर वेग उतरतो, आडोशाचा फायदा नाममात्र उरतो आणि ज्याच्या पायांत ताकद नाही तो कोणाच्याही मागे असला तरी सुटतो. आपल्याकडे नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गटाने चढताना हे कोणालाही कळते. तेव्हा पिरेनीज आणि आल्प्समध्ये जगातल्या उत्तम चढाईपटूंच्या चाकामागे टिकून राहणे, तेही रोज, हीच मोठी पात्रता आहे.

सातपूरकर:
वरील विवेचन आवडले, तरीही दुसरी बाजू नोंदवतो. 2014 मध्ये विजेतेपदाचे दावेदार ख्रिस फ्रूम पाचव्या टप्प्यावर आणि अल्बेर्तो कॉन्तादोर दहाव्या टप्प्यावर पडून शर्यतीबाहेर गेले. ते दोघे असते तर झुबेल्डिया बहुधा दहावा आला असता. 2006 मध्ये तो मुळात नववा होता आणि फ्लॉइड लँडिसला उत्तेजक प्रकरणात बाद केल्यावर आठवा झाला. इतरांच्या गैरहजेरीने सुधारलेला क्रमांक आणि स्वतः मिळवलेला विजय यांत फरक करायला हवा. शिवाय व्यावसायिक खेळात प्रेक्षकाला थरार देणे हेही खेळाडूचे कर्तव्य आहे, असे मी मानतो. बारा मिनिटे मागे राहून आठवे येण्यापेक्षा एखाद्या दिवशी सर्वस्व पणाला लावून टप्पा जिंकणारा, मग तो एकूण क्रमवारीत साठावा का असेना, माझ्या लेखी अधिक स्मरणीय आहे.

पेठरोडचा चढ:
सातपूरकर, आपला मुद्दा रास्त आहे, पण त्यात एक अडचण आहे. साठाव्या क्रमांकावरच्या खेळाडूला पुढे निसटू दिले जाते, कारण त्याच्यापासून पिवळ्या जर्सीला, म्हणजे एकूण क्रमवारीतल्या आघाडीवीराला, धोका नसतो. पुष्कळ जण तर अशी मोकळीक मिळावी म्हणून सुरुवातीलाच मुद्दाम वेळ गमावतात. सहाव्या क्रमांकावरचा खेळाडू हलला की आघाडीचे संघ लगेच पाठलाग करतात. विजेतेपद मिळवण्याइतका बलवान नाही आणि मोकळा सोडण्याइतका मागेही नाही, अशा मधल्या जागेत तो अडकतो. झुबेल्डियाच्या नावावर टप्पा नसण्याचे मोठे कारण मला हेच वाटते. त्याने टप्प्यासाठी वेळ सोडून दिली असती तर कदाचित एखादा विजय मिळाला असता. त्याने ते केले नाही, आणि ती त्याची निवड होती.

फ्रूम आणि कॉन्तादोर यांच्याविषयीही बोलायला हवे. 2014 चा पाचवा टप्पा पावसात, उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवरून गेला आणि फ्रूम तर दगडी रस्ता सुरू होण्याआधीच पडून बाहेर गेला. तेच रस्ते झुबेल्डियालाही पार करावे लागले. 2012 मध्ये 198 जण निघाले आणि 153 पॅरिसला पोहोचले. मेट्झच्या टप्प्यावरच्या मोठ्या अपघाताने त्या वर्षीचा जिरो या इटलीतल्या मोठ्या शर्यतीचा विजेता रायडर हेसियेडालसुद्धा घरी परतला. सायकल उभी ठेवणे हा नशिबाचा भाग आहेच, पण घोळक्यात कोठे राहायचे हा निर्णय रोज स्वतःचा असतो.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो संघाचा घोषित कर्णधार नसे. 2014 मध्ये त्याच्या ट्रेक संघाकडे श्लेक बंधू होते. अँडी तिसऱ्या टप्प्यावर जखमी होऊन बाहेर पडला आणि फ्रँक बारावा आला. 2012 मध्ये फ्रँकला शर्यत मध्येच सोडावी लागली, तरी त्यांच्या रेडिओशॅक संघाने सांघिक क्रमवारी जिंकली. सांघिक क्रमवारीत प्रत्येक टप्प्यावर संघातल्या पहिल्या तिघांची वेळ धरतात, म्हणून तेथे कधीही न कोसळणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो.

गोदाकाठ:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या जागेत अडकण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. हे मुलांपुढे कसे मांडावे? त्यांच्यासमोर महाजन बंधूंचे आणि श्रीनिवास गोकुलनाथ यांचे आदर्श आहेत, आणि नाशिकमध्ये राहून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ शर्यतीत सायकलने अमेरिका आरपार करणाऱ्यांचा अभिमान त्यांना आहे. पण ती शर्यत वेगळ्या जातीची आहे.

घाटमाथा:
वेगळी आहेच. ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही; झोपेचा वेळही त्यातच जातो. टूरमध्ये प्रत्येक संध्याकाळी घड्याळ थांबते, मालिश होते, खेळाडू झोपतो आणि सकाळी पुन्हा तितक्याच वेगाने निघतो. एकीकडे न थांबण्याची कसोटी आहे, तर दुसरीकडे रातोरात सावरण्याची.

मुलांना समजवायचे असेल तर टूर चालू असताना एक वही ठेवायला सांगावे. आपल्याकडे टप्पा साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतो. प्रत्येकाने आठव्या ते बाराव्या क्रमांकाच्या आसपासचा एक खेळाडू निवडावा आणि रोज विजेत्यापेक्षा त्याला किती वेळ जास्त लागला, एवढेच लिहावे. सपाट टप्प्यांवर बहुतेक शून्य येईल, डोंगरात कधी एक मिनिट, कधी दोन. तिसऱ्या आठवड्यात निवडलेल्या खेळाडूंपैकी एक-दोघे एकाच दिवसात दहा-पंधरा मिनिटे गमावतील. ज्याच्या पानावर तसा आकडा येणार नाही, त्याच्याविषयी मुले आपोआप विचारू लागतील, आणि तेव्हा त्यांना झुबेल्डियाचे पाच क्रमांक दाखवावेत.

सातपूरकर:
हा उपक्रम उत्तम आहे. जुलैमध्ये माझ्या मुलीलाही वही देतो. टप्पाविजेत्यांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे, तेव्हा एक स्तंभ त्यांच्यासाठीही ठेवावा, ही विनंती.