द बिग व्हाइट: पॉल हे नक्की कोणासाठी करतो?

रिकामटेकडा:
काल रात्री द बिग व्हाइट (२००५) बघितला, रॉबिन विल्यम्सचा. अलास्कातला कर्जात बुडालेला ट्रॅव्हल एजंट पॉल, भाऊ ५ वर्षं गायब, आणि कचराकुंडीत भलत्याचंच प्रेत सापडतं तर हा पठ्ठ्या ते भावाचं म्हणून खपवतो, जनावरांनी फाडलं असं दाखवून, १० लाख डॉलरच्या विम्यासाठी. सगळं आजारी बायकोसाठी म्हणे. मला नाही पटलं बुवा. तुम्हाला काय वाटतं? स्पॉयलर चालतील.

निंबोणी:
मला पटलं. ती बायको, मार्गारेट, मध्येच शिव्या हासडते, मला टुरेट्स (अंगाला झटके येतात, तोंडून आपोआप आवाज-शब्द निघतात तो आजार) आहे म्हणते, आणि हा शांतपणे ऐकून घेतो. हॉली हंटर भारी आहे त्या भूमिकेत.

हप्तेबहाद्दर:
अरे बायको राहू दे, मेख ७ वर्षांची आहे. तेवढी वर्षं पत्ता नसला तरच कायदा माणूस मेला असं धरतो, आपल्याकडेही तसंच. वर आपलं कोर्ट मेला एवढंच धरतं, कधी मेला ते नाही, म्हणून तोवर विम्याचे हप्ते भरत राहायचे, सुप्रीम कोर्टानं २००४ ला सांगितलंय. मी याच लाईनीत आहे, एक मावशी यायच्या, नवरा हरवलेला, हप्त्याच्या पावत्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणायच्या, ओल्या होऊ नयेत म्हणून. पॉलला अजून २ वर्षं काढायची होती आणि देणेकरी दारात. प्रेमबिम नंतर.

रिकामटेकडा:
बरं, मग विमा कंपनीचा टेड, ज्याला पॉलचा दावा खोटा वाटतो? तो तर खरं तेच बोलतोय तरी डोक्यात जातो.

निंबोणी:
कारण त्याला खऱ्याखोट्याचं काही पडलेलं नाही, बढती हवीय. घरी मैत्रीण फोनवर लोकांना भविष्य सांगून पैसे काढते, ते चालतं याला!

हप्तेबहाद्दर:
😂 आणि ते दोन सुपारीवाले विसरलात. त्यांनाही तेच प्रेत हवंय, काम झालं म्हणून दाखवून पैसे घ्यायला. एका मढ्यावर दोन क्लेम, मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.

रिकामटेकडा:
पण मग भाऊ जिवंत परत येतो तेव्हा पॉलला आधी काय वाटलं असेल, आनंद की धसका?

हप्तेबहाद्दर:
भावानं तरी कुठे गळाभेट घेतली, माझा वाटा किती हेच विचारलं ना. घराणंच तसलं.