घर निवांत वाटावं म्हणून तुम्ही काय बदललंत? (अनुभव धागा)

घरात शिरल्यावर खांदे आपोआप सैल व्हावेत, एवढीच माझी घराकडून अपेक्षा आहे. सजावटीच्या कल्पना हव्या तितक्या मिळतात, त्या इथे नकोत. तुमच्या घरात नेमकं काय खुपत होतं, ते कसं सापडलं, काय बदललंत आणि त्याने खरंच फरक पडला का, हे लिहा. भाड्याचं घर, एका खोलीचं घर, माणसांनी भरलेलं घर, सगळ्यांचं स्वागत आहे. पैसे न घालता झालेले बदल तर आवर्जून लिहा.

सुरुवात मी करते. माझा प्रश्न उजेडाचा होता. बैठकीच्या खोलीत छताला एकच प्रखर पांढरा दिवा होता. संध्याकाळी तो लागला की सगळे उगाच घाईत असल्यासारखे वागायचे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 म्हणजे पिवळसर. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात की बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला त्या सर्वात जास्त प्रतिसाद देतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून मेंदू झोपेशी जोडलेलं मेलाटोनिन रोखून धरतो. म्हणून अंधार पडल्यावर छताचा दिवा बंद, आणि बसल्यावर खांद्याच्या उंचीला येतील असे दोन पिवळसर दिवे चालू. नुसता रंग बदलून भागत नाही. पिवळा दिवासुद्धा फार प्रखर असला तर जागंच ठेवतो. वाचायचा दिवा पुस्तकावर पडावा, डोळ्यांत नाही. आणि दिवा घेण्याआधी त्याच्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरून बघा. पडद्यावर सरकते पट्टे दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे. डोळ्यांना ते जाणवलं नाही तरी काहींचं डोकं त्याने दुखतं.

कानसेन

आमच्याकडे सगळा त्रास आवाजाचा होता, पण कुठल्या आवाजाचा हेच कळत नव्हतं. मग एका रात्री सगळं निजल्यावर प्रत्येक खोलीत थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिलो आणि ऐकू येईल ते कागदावर लिहून काढलं. सगळ्यांनी हे एकदा करून बघा. ज्या आवाजांची सवय झालेली असते ते तेव्हाच ऐकू येतात. फ्रिजची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, चार्जरची बारीक शीळ, नळाचा ठिबका.

फ्रिज भिंतीला टेकला होता आणि त्याचा एक पाय अधांतरी होता. घरघर फ्रिजची असली तरी ती मोठी करणारी भिंत होती. पाय फिरवून फ्रिज समतल केला, भिंतीपासून थोडा पुढे ओढला, आणि निम्मं काम तिथेच झालं. खुर्च्यांच्या पायांना खालून नमद्याच्या चकत्या चिकटवल्या. दरवाजाच्या चौकटीला फोमची पट्टी लावली, त्यामुळे तो आपटत नाही आणि फटीतून येणारा आवाजही कमी झाला.

आता पडद्यांबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. जाड पडदे लावले की बाहेरची वाहनं ऐकू येणार नाहीत, असं वाटतं. पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट या गोष्टी खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतात. खोलीत टाळी वाजवा. ती रेंगाळली तर या गोष्टींचा नक्की उपयोग होईल, बोलणं सौम्य वाटू लागेल, कोणी आवाज चढवणार नाही. बाहेरून येणारा आवाज अडवायला मात्र वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. खिडकीच्या कडेची बोटभर फट उघडी असेल तर महागड्या पडद्याचा काही उपयोग नाही.

मोजणाऱ्यांसाठी: डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही, 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत झोपण्याच्या खोलीतल्या सलग आवाजासाठी 30 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. मोबाइलवरचं मापन ढोबळ असतं, पण बदलाआधी आणि बदलानंतर अशी तुलना करायला ते पुरतं.

मधली खोली

आमचं घर आवरलेलं नसतं आणि आता ते मला चालतं. घरातल्या पसाऱ्यावरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात नवरा-बायकोंनी आपलं घर दाखवताना त्याबद्दल कोणते शब्द वापरले, ते तपासलं. पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं यांबद्दल जास्त बोलणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तेवढा दिसला नाही. हे वाचून मला पटलं ते असं, की पसारा मुख्यतः त्याला खुपतो ज्याच्या डोक्यात 'हे मला आवरायचंय' अशी नोंद होते.

म्हणून आम्ही डबे आणि खण विकत घेण्याऐवजी कामं वाटून घेतली. दारापाशी किल्ल्या, पाकिटं, कागदांसाठी एक तबक ठेवलं. ते कोण रिकामं करणार हे ठरलेलं आहे, आणि ती मी नाही. माझ्या दृष्टीने घर शांत झालं ते त्या दिवसापासून. खोली पूर्वीइतकीच भरलेली आहे.

आईची मुलगी

वरच्या अनुभवाच्या थोडं उलट लिहिते. आईला स्मृतिभ्रंश आहे. दिवे लागण्याच्या सुमाराला ती अस्वस्थ व्हायची, येरझाऱ्या घालायची, "घरी जायचंय" म्हणायची. घर शांत व्हावं म्हणून आम्ही तिची खोली बरीच मोकळी केली, तर ती आणखी बिथरली. ओळखीच्या वस्तू हा तिचा आधार होता. जुनी खुर्ची, फोटो, तिची पिशवी पुन्हा जागच्या जागी ठेवली.

मग तिच्या नजरेने घर बघायला लागलो. अंधार पडल्यावर खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसायचं आणि कोणीतरी बाहेर उभं आहे असं तिला वाटायचं. आता उजेड असतानाच पडदे ओढतो आणि दिवे लावतो, म्हणजे कोपऱ्यांत सावल्या साठत नाहीत. मोठ्या आरशावर कापड टाकलं. दारातलं काळं पायपुसणं तिला खड्ड्यासारखं दिसत होतं, ती तिथे थबकायची. ते काढून जमिनीच्याच रंगाचं, न घसरणारं आणलं. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आत मंद दिवा लावून ठेवतो, तेव्हापासून रात्रीची शोधाशोध थांबली.

कोणी बघत नसेल तर टीव्ही बंद. तिच्याशी एका वेळी एकाच माणसाने बोलायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं आणि सगळ्यांत उपयोगी पडलं. येरझाऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण संध्याकाळी मी तिच्याजवळ बसू शकते. आधी नुसती मागे धावायचे.

खिडकीपाशी

झाडांबद्दल लिहितो, कारण कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते असं सगळीकडे वाचायला मिळतं. नासाचा 1989 चा तो गाजलेला प्रयोग छोट्या, बंद पेट्यांमध्ये केलेला होता. राहत्या घरात दारं-खिडक्यांतून जेवढी हवा बदलते त्यापुढे चार कुंड्यांचं काम नगण्य ठरतं. कोंदटपणाला खरा उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडणं. सुगंधी मेणबत्त्या आणि उदबत्त्यांनी वास छान येतो, पण धुराचे बारीक कण खोलीत राहतात. त्यामुळे मी त्या बंद खोलीत लावत नाही.

तरीही झाडं माझ्याकडे भरपूर आहेत, बघण्यासाठी. 1984 साली रॉजर उलरिक यांनी एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, पण तो वाचून मी बसायची खुर्ची टीव्हीकडून खिडकीकडे वळवली. खर्च शून्य.

एक खोली, चार माणसं

आमच्याकडे हलवायला जागाच नाही, म्हणून वेळ वाटून घेतली. रात्रीच्या ठरलेल्या तासात आवाज फक्त हेडफोनमध्ये. खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसेल त्याच्याशी त्याने तोंड उघडेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मुलांनीसुद्धा नाही. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा नीट पाळतात. त्यांनाही त्या खुर्चीत बसायला मिळतं ना.

नवीन सदस्य

कानसेन, वरच्या मजल्यावरच्या पावलांचं काय करायचं? आमचं छत सतत धपधपतं.

कानसेन

तो आवाज हवेतून येत नाही, लादीतून उतरतो. त्यामुळे तुमच्या छताला काही चिकटवून फारसा फरक पडणार नाही. उपाय जिथे पाऊल पडतं तिथेच करावा लागतो: जाड सतरंजी, खाली रबराचा थर, मऊ तळाच्या सपाता. वर जाऊन शांतपणे बोला. शक्य असेल तर त्यांना तुमच्या खोलीत बोलावून घरच्या कुणाला तरी वर चालायला सांगा. खाली कसं ऐकू येतं हे वरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. आमच्या वरच्यांनी ते ऐकल्यावर त्याच आठवड्यात सतरंजी आणली.