डिस्टन्सने एमए: कोणी खूश, कोणी मध्येच सोडतं, असं का?

सोलापुरी_चटणी: नमस्कार मंडळी. पतसंस्थेत नोकरी करते, अर्थशास्त्रात एमए डिस्टन्सने करायचं डोक्यात आहे, इग्नू नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. ओळखीतले दोघं एकाच कोर्सला होते, एकजण म्हणतो झकास आहे, दुसरीने दुसऱ्या वर्षाची फीच भरली नाही. नक्की फरक कशाने पडतो? पुस्तकं, व्हिडिओ की अजून काही?

रविवारचा_विद्यार्थी: ताई, सगळा खेळ अभ्यासकेंद्राचा. आमच्याकडे रविवारी मोजून पाच-सहा टाळकी यायची तरी मॅडम न चुकता यायच्या, जुने पेपर फळ्यावर सोडवून घ्यायच्या. मित्राच्या केंद्रावर मात्र शिपाईच सांगायचा, सर आज नाहीत, सही करा नि जा. कोर्स तोच, पुस्तकं तीच, त्याने सोडलं.

लाल_पेन: केंद्र ठीक आहे हो, पण माझा राग असाइनमेंटवर. इग्नूत बहुतेक कोर्सना तिचं वेटेज 30 टक्के असतं, म्हणजे थोडंथोडकं नाही. मी दुसरीकडे शिकलो, नाव नको, रात्री जागून पानंच्या पानं हाताने लिहायची आणि परत काय येतं, तर शेवटच्या पानावर मार्क आणि एक सही, बास. कुठे चुकलं ते गुलदस्त्यात. एकदाच एका सरांनी समासात लिहिलं, "उदाहरण चांगलंय पण प्रश्न हा नव्हता", मार्क कमी पडले तरी तो पेपर मी फ्रेम करायचा बाकी ठेवलाय 😄 व्हिडिओ किती का असेनात, आपलं लिहिलेलं कोणी वाचतंय एवढं कळलं की माणूस टिकतो.

पीडीएफवाली: भाषेचं कोणीच बोललं नाही. इग्नूची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी-हिंदीत, नाशिकच्या विद्यापीठाचं बरंच साहित्य मराठीत मिळतं. बीए मराठीतून केलं असेल तर इथेच दमछाक होते. ईज्ञानकोश या इग्नूच्याच वेबसाइटवर तिची पुस्तकं फुकट आहेत, आधी एक युनिट वाचून बघा ना. आणि घरचे डिग्रीच्या किमतीवरून टोमणे मारत असतील तर सांगा, मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्स डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची, यूजीसीने 2022 मध्ये परत स्पष्ट केलंय.

सोलापुरी_चटणी: बीए मराठीतूनच 🙈 आणि समजा केंद्र भंगार निघालं तर?

रविवारचा_विद्यार्थी: इग्नूत अर्ज करून बदलता येतं. पण फी भरायच्या आधीच एखाद्या रविवारी जाऊन या, ऑफिसात विचारू नका, वर्गात कोण बसलंय ते बघा.